मदत हवी आहे : जुन्या घरांच्या आतले फोटो काढायला अॅडव्हान्स्ड कॉम्पॅक्ट पुरेल, की एसएलआरच घ्यावा?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात चरई, खारकर आळी, उथळसर, चेंदणी कोळीवाडा या भागांतली जुनी घरं एकामागून एक पुनर्विकासात चालली आहेत. बाहेरून त्यांचे फोटो बऱ्याच जणांनी काढून ठेवलेत. मला आतले हवे आहेत. भिंतीतलं फडताळ, कोनाड्यातला देव, हात लागून लागून गुळगुळीत झालेला जिन्याचा कठडा, मोरीतला तांब्याचा बंब, आणि या सगळ्यात आयुष्य काढलेली माणसं. घर पडल्यावर दर्शनी भागाचा एखादा फोटो कुठे ना कुठे सापडतो, पण माजघर कसं होतं हे सांगायला काहीच उरत नाही. हे काम मला मनापासून करायचं आहे आणि त्यासाठी पहिल्यांदाच स्वतःचा कॅमेरा घेतोय. चांगल्या लेन्सचा, खिशात मावणारा अॅडव्हान्स्ड कॉम्पॅक्ट, की आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा एसएलआर, हे ठरत नाहीये.

सध्या मामेभावाचा एसएलआर मागून आणतो. कॅनन १५००डी आणि त्याच्याबरोबर येणारी १८-५५ लेन्स. फोटोंबद्दल तक्रार अजिबात नाही. अडचण वेळेची आहे. नोकरी महाप्याला, रोज ठाणे-वाशी लोकलने घणसोलीपर्यंत. आणि बोलावणं कधी येईल याचा नेम नाही. "उद्या टेम्पो येतोय सामान न्यायला, फोटो काढायचे तर आज संध्याकाळी या," असा फोन दुपारी येतो. त्या वेळी कॅमेरा पिशवीत डब्याशेजारी नसेल, तर ते घर हातचं गेलं. संध्याकाळच्या गर्दीत एसएलआरची वेगळी बॅग सांभाळत रोज जाणं मला तरी जमण्यासारखं नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की आजी पदर सारखा करून ताठ बसतात, आजोबा सदऱ्याची बटणं लावतात. तेही फोटो छान येतात आणि घरच्यांना तेच हवे असतात. पण मला भाजी निवडणाऱ्या आजीही हव्या आहेत. आरशाचा खटका एकदा वाजला की त्यांचा हात थांबतो.

फोन का नाही, हे कोणीतरी विचारेलच. उजेडात माझा फोन सुंदर काम करतो. पण एका खिडकीतून येणारा उजेड आणि बाकी खोलीत अंधार असं असलं, की तो सावल्या उचलून सगळी खोली एकसारखी उजळ करतो. त्या खोलीत अंधार होता, तो फोटोत राहायला हवा. शिवाय ए३ आकाराचे प्रिंट काढून ज्यांचं घर त्यांना द्यायचे आहेत, आणि तिथे भिंतीचा गिलावा, लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत.

आता कॉम्पॅक्टबद्दल. वाचून जो हिशोब मांडलाय तो तपासून द्या. बऱ्याच कॉम्पॅक्टमधला, एक इंची म्हणतात तो सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, १३.२ × ८.८ मिमी. १५००डीचा २२.३ × १४.९ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट. इथे एसएलआर सरळ पुढे. पण सोबतची लेन्स एफ ३.५ ते ५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). सोनी आरएक्स१०० मार्क ३ किंवा कॅनन जी७एक्स मार्क २ ची लेन्स एफ १.८ ते २.८, म्हणजे जवळपास चौपट उजेड. सेन्सरमुळे जे गेलं ते लेन्सने भरून निघतं, असं माझं गणित सांगतं. हे प्रत्यक्षात दिसतं का?

डोळ्यासमोर हे दोन आहेत, शिवाय पॅनासोनिक एलएक्स१०० मार्क २ आणि रिको जीआर ३. बजेट ४५ हजारांपर्यंत, वापरलेला चालेल. ज्यांनी असा कॅमेरा काही वर्षं वापरलाय त्यांच्याकडून ऐकायचंय: पावसाळ्यात कसा टिकतो, धुळीचं काय होतं, आणि एसएलआर नाही म्हणून कुठे खरोखर अडलं?

—

ऐरोलीकर :

दादा, आधी कामाबद्दल मनापासून शाबासकी. मी सोनीचा मार्क ३ बरीच वर्षं वापरतोय. तुमचं गणित बरोबर आहे आणि प्रत्यक्षातही तसंच दिसतं. फक्त हे लक्षात ठेवा की ही तुलना सोबतच्या लेन्सशी आहे. त्याच एसएलआरला ५० मिमी एफ १.८ लावली तर कॉम्पॅक्ट मागे पडतो, पार्श्वभूमी धूसर करण्यात तर फारच मागे. पण तुम्हाला पार्श्वभूमी धूसर करायचीच नाहीये. फडताळही स्पष्ट हवं आणि आजीही. इथे लहान सेन्सर तुमच्या बाजूने आहे. एफ २.८ ला मला पुढचं-मागचं जेवढं स्पष्ट मिळतं, तेवढ्यासाठी १५००डीवर एफ ४.५-५ पर्यंत जावं लागेल, मग आयएसओही (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) जवळपास तिप्पट वाढवावा लागेल. सेन्सर तिप्पट, आयएसओ तिप्पट. फिट्टंफाट.

आवाजाचं म्हणाल तर शटर लेन्सच्या आतच असतं आणि आरसा नाहीच. सेटिंगमधून बीप बंद केला की समोरच्याला पत्ता लागत नाही. मार्क ३ ला वर उचलता येणारा छोटा व्ह्यूफाइंडर आहे, पण घरात तो वापरू नका. मागचा स्क्रीन वर वळवा आणि कॅमेरा पोटाशी धरून खाली बघत फोटो काढा, माणसं गप्पा मारत राहतात. फ्लॅश लागलाच तर तो बोटाने मागे कलवून छताकडे रोखता येतो. ताकद कमी, पण ठेंगण्या छताच्या खोलीला पुरतो.

उणिवा: बॅटरी सुमारे ३०० फोटोंची, दुसरी खिशात हवीच. मे महिन्यात घामेजल्या हातातून गुळगुळीत बॉडी निसटते, चिकटवायची रबरी ग्रिप मिळते ती लगेच लावा. मनगटाचा पट्टा काढू नका.

—

तलावपाळी :

मी थोडं उलटं बोलतो. या जुन्या घरांत चाळीच्या लहान खोल्याही आल्याच. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलात तरी २४ मिमीत, म्हणजे सोनी-कॅननच्या या कॉम्पॅक्टच्या सगळ्यात रुंद टोकाला, समोरची भिंत आणि फार तर एका बाजूची थोडी येते (मिमीचा आकडा लहान, तितकं जास्त मावतं). एसएलआरला कॅननची १०-१८ लावा, म्हणजे फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबाने १६ मिमी. अख्खी खोली येते. वजन २४० ग्रॅम, हात हलला तरी सांभाळणारा स्टॅबिलायझर आहे, किंमतही आवाक्यातली. एकही खिशातला कॉम्पॅक्ट तुम्हाला १६ मिमी देणार नाही. आणि लेन्स बदलता येणं म्हणजे काम वाढेल तसं सामान वाढवता येणं. कॉम्पॅक्टमध्ये आज जे घ्याल तेच शेवटपर्यंत. लेन्सची मोटर गेली की सगळा कॅमेराच गेला.

—

धागाकर्ता :

ऐरोलीकर, मनापासून आभार. आयएसओचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

तलावपाळी, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि १०-१८ भाड्याने आणून मी वापरून पाहिली आहे. अख्खी खोली येते हे खरं. पण येते ती हॉलसारखी. कोपऱ्यातला माठ ताणला जातो, समोरची भिंत लांब पळते. त्या दहा बाय बारात सहा माणसं झोपायची, हे त्या घराचं मुख्य सत्य आहे. खोली लहान होती ती लहानच दिसायला हवी. म्हणून मला २४ मिमी, क्वचित २८ पुरेल असं वाटतं. पूर्ण खोलीची नोंद हवीच असेल तर दारात उभं राहून तीन-चार उभे फोटो घेऊन जोडेन. लेन्सची मोटर गेली तर काय, ही भीती मात्र खरी आहे, ती मनात ठेवून निर्णय घेईन.

—

येऊरची वाट :

दादा, धुळीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तुमच्या कामात हाच सगळ्यात मोठा धोका आहे.

झूम होताना बाहेर येणारी लेन्स आत-बाहेर करताना हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ. एसएलआरच्या सेन्सरवर धूळ बसली तर लेन्स काढून ब्लोअर मारता येतो. कॉम्पॅक्टमध्ये सगळी लेन्स खोलावी लागते, ते घरी करायचं काम नाही. माझ्या आधीच्या कॉम्पॅक्टच्या सेन्सरवर ठिपका बसला. आकाशाच्या प्रत्येक फोटोत एकाच जागी दिसायचा, आणि साफ करायला सांगितलेला खर्च ऐकून मी तो तसाच वापरला. तुम्ही तर रिकाम्या होणाऱ्या घरांत जाणार. माळ्यावरचं सामान खाली निघतंय, कोणी झाडतंय, पोती आपटतायत. अशा वेळी कॅमेरा बंद करून चेनवाल्या पाऊचमध्ये ठेवायचा. घरात शिरतानाच लेन्स २४ ला उघडा आणि काम संपेपर्यंत उगाच झूम मागेपुढे करू नका.

मी आता जीआर ३ वापरते. सेन्सर एसएलआरएवढा, वजन २५७ ग्रॅम, चित्र अप्रतिम. पण झूम नाही, २८ मिमी म्हणजे २८ मिमी. व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, बॅटरी लवकर संपते. लेन्स एफ २.८. येऊरला जंगलात, तलावावर, रस्त्यावर फिरायला मला तो प्राणप्रिय आहे. तुम्हाला देताना मात्र दोनदा विचार करेन, कारण जिन्याच्या कठड्यावरचं कोरीवकाम जिन्याखालून टिपायचं तर मार्क ३ सारखी ७० मिमीपर्यंत जाणारी झूम हवीच.

—

खाडीकाठ :

पावसाळ्याचं सांगतो, कारण बुरशीने लेन्स खाल्लेली मी पाहिली आहे. महागडी ड्राय कॅबिनेट नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रता मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. मात्र ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका, आणि निळं जेल टाळून नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं.

आणि तुमच्यासाठी खास: दिवसभर एसी ऑफिसात थंड झालेला कॅमेरा पावसाळी हवेत एकदम बाहेर काढलात की लेन्सवर, आतसुद्धा, दव धरतं. निघताना ऑफिसातच झिपच्या पिशवीत बंद करा आणि ठाण्याला पोचेपर्यंत उघडू नका. तोवर तो बाहेरच्या तापमानाला येतो. सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेरा वापरात ठेवा. कपाटात पडून राहिलेल्या लेन्सलाच बुरशी आधी धरते.

जाता जाता, या कॅमेऱ्याने ऐरोलीचे फ्लेमिंगोही निघतील अशी आशा धरू नका. तिथे ७० मिमीत गुलाबी ठिपके येतात. त्याला ४०० मिमीचा पॅनासोनिक एफझेड१००० किंवा ६०० मिमीचा सोनी आरएक्स१० मार्क ४ लागतो, आणि ते दोन्ही खिशातले नाहीत.

—

धागाकर्ता :

ताई, धुळीचा इशारा लाखमोलाचा. एका घरात माळा रिकामा होत असताना मी मधोमध उभा राहून फोटो घेतले होते, ते आठवून आत्ता धस्स झालं.

फ्लेमिंगो मामेभावावर सोडतो. जीआर ३ यादीतून काढला. आता मार्क ३ आणि एलएक्स१०० मार्क २ यांत मन अडकलंय. एलएक्सचा सेन्सर मोठा, छिद्राची (एफ आकड्याची) रिंग लेन्सवरच, शटरच्या वेगाची चकती वर, बाहेरचा फ्लॅशही लावता येतो. पण ३९२ ग्रॅम. मार्क ३ फक्त २९० ग्रॅम आणि खिशात मावतो. ए३ ला दोन्ही पुरतात, कारण ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण साडेसतरा मेगापिक्सेल लागतात. एलएक्सचे १७ आहेत, तेवढा फरक डोळ्याला दिसणार नाही.

आमच्याकडे डब्याची पिशवी रोज भरली जाते, तिच्यात जो मावेल तो खरा. म्हणून मार्क ३ कडे झुकलोय. वापरलेला घेताना दुकानात उभ्या उभ्या काय काय तपासू?

—

ऐरोलीकर :

फोर्टला बोरा बाजारात जाणार असाल तर घाई करू नका, दुकानदार तपासू देतात. कॅमेरा चालू-बंद पाच-सहा वेळा करा. लेन्स एका दमात सरळ बाहेर यायला हवी, अडखळली किंवा करकरली तर ठेवून द्या. पुढची पाकळीची झडप पूर्ण उघडते-मिटते का पाहा. मग एफ ११ लावून, झूम पूर्ण पुढे नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोकस नसलेला फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यांसकट बघा, सेन्सरवर धूळ असेल तर काळपट ठिपके दिसतील. लेन्समध्ये तिरका टॉर्च मारा. बुरशी असली तर जाळीसारखे धागे चमकतात.

व्ह्यूफाइंडर उचलून पाहा, तो नीट वर येऊन बाहेर ओढला जातो ना. फ्लॅश उडवा. चार्जिंगची वायर स्वतःची घेऊन जा आणि लावून बघा. स्वतःचं कार्ड न्या, चारही कोपऱ्यांत बारीक अक्षरं येतील असा वर्तमानपत्राचा फोटो २४ ला, एफ २.८ वर काढा. एकच कोपरा पुसट आला तर लेन्स कधीतरी आपटलेली आहे. शेवटी बिलावरचा सीरियल नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर दुकानाची पावती आणि निदान महिनाभराची हमी लेखी घ्या.

—

धागाकर्ता :

हे सगळं कागदावर उतरवून घेतलं. शनिवारी सकाळी जातो. उथळसरच्या एका घरात पुढच्या आठवड्यात सामान हलणार आहे, त्याच्या आत कॅमेरा हातात हवा. पहिले फोटो घरच्यांची परवानगी मिळाली की इथेच टाकेन.