मदत हवी आहे: स्ट्रॅटचे पिकअप बदलू का?

मंडळी, माझ्याकडे जुनी स्क्वायर स्ट्रॅट आहे (फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार). तिच्या ब्रिज पिकअपचा (ब्रिजजवळचा, तारांची कंपनं पकडणारा चुंबक-कॉइलचा भाग) आवाज कानाला टोचतो. (ट्यूबलाइट लावली की गुणगुणतोही, पण सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा पिकअप म्हटल्यावर ते आलंच.) परवा पिकगार्ड (गिटारवरचं प्लास्टिकचं झाकण) उघडून पाहिलं तर पिकअपमध्ये खिळ्यांसारखे पोलादी पोलपीस (तारांखालचे खुंट) आणि खाली चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी. मल्टिमीटरवर कॉइलचा रोध साधारण ६ किलोओहम.

हाताने गुंडाळलेल्या, अल्निको ५ चुंबकाच्या (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा मिश्रधातू) पिकअपचा एक सेट मनात भरलाय, पण कस्टम ड्यूटी धरून तो गिटारपेक्षा महाग पडतोय! साधा अल्निको सेट त्याच्या पाचव्या हिश्शात मिळतो. कॉइलची तार तीच ४२ गेजची, चुंबकही तोच. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

मित्र म्हणाला, आधी पिकअप दोन मिलिमीटर खाली घे आणि ब्रिज पिकअपला टोन नॉब (आवाजाची धार कमी करणारं बटण) जोड, स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये तो नसतोच. नॉबचं राहिलंय, पण पिकअप खाली घेतल्यावर टोचणं कमी झालं, खोटं कशाला बोलू.

दोन्ही प्रकारचे सेट एकाच गिटारमध्ये घालून कोणी वाजवलेत का? ड्रम्स-बास सुरू असताना फरक कळतो, की फक्त घरी हेडफोनवर? आणि पुण्यात नीट सोल्डरिंग करून देणारं कुणी असेल तर सांगा, माझा हात थरथरतो.