मदत हवी आहे: मूत्राशयाजवळची गाठ, स्कॅनमध्ये कर्करोगाचा संशय, बायोप्सीत मात्र नुसता दाह

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या (वय 43, राहणार भांडुप) आजाराबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

तीन महिन्यांपासून त्याला लघवीला सारखे जावे लागते आणि जळजळ होते. त्याच्याही आधीपासून त्याच्या बनियनवर बेंबीपाशी पिवळसर डाग पडत होते. आई ते हळदीचे समजून साबणाने घासत राहिली. सीटी स्कॅनमध्ये मूत्राशयाच्या वरच्या टोकाला साडेचार सेंटिमीटरची, पोटाच्या भिंतीला चिकटलेली गाठ दिसली आणि अहवालात युरॅकसच्या कर्करोगाचा संशय लिहून आला. गर्भात मूत्राशय व बेंबी यांना जोडणारी ही नळी पुढे मिटून दोरीसारखी उरते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

सुईने काढलेल्या तुकड्यात मात्र कर्करोगाच्या पेशी नाहीत. चरबीने भरलेल्या फेसाळ पेशी आहेत आणि निदान ‘झँथोग्रॅन्युलोमॅटस दाह’ असे आहे. हा प्रकार मूत्रपिंडात आणि पित्ताशयात डॉक्टरांच्या परिचयाचा आहे, युरॅकसमध्ये दुर्मीळ. पेट स्कॅनचा (यात किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती जास्त ओढणारा भाग उजळतो) हट्ट मीच धरला होता, पण कर्करोगाप्रमाणे दाहाच्या पेशीही ती साखर ओढून घेतात, त्यामुळे गाठ दोन्ही परिस्थितींत उजळू शकते, हे ऐकल्यावर तो सोडून दिला.

आता एक युरोलॉजिस्ट म्हणतात की सुईला लागला तो गाठीचा कणभर भाग, उरलेल्या भागात कर्करोग नसेलच असे नाही, म्हणून मूत्राशयाच्या टोकासह बेंबीपर्यंतचा सगळा पट्टा काढावा. दुसरे म्हणतात की आधी कल्चरप्रमाणे (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीप्रमाणे) प्रतिजैविके देऊन दाह उतरू द्यावा, सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करावा आणि मग ठरवावे. दोघांचेही पटते, हीच पंचाईत आहे.

बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड्स परळच्या टाटा रुग्णालयात फेरतपासणीसाठी न्यायच्या आहेत. तेथे मॅलाकोप्लाकिया (दाहाचाच एक दुर्मीळ प्रकार) आणि इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर (दाहासारखी दिसणारी एक गाठ) या शक्यताही तपासाव्यात, दुसरीसाठी एएलके या प्रथिनाची चाचणी करावी, असे आपण होऊन सुचवणे योग्य ठरेल का? पॅथॉलॉजिस्टना ते आगाऊपणाचे वाटू नये, एवढेच.

मूत्राशयाचा काही भाग काढलेल्या कुणी येथे असल्यास कॅथेटर किती दिवस होता आणि नंतर लघवी किती वेळ धरता येऊ लागली, हे कृपया कळवावे. भाऊ बस चालवतो; वाहतूक तुंबली की दोन-दोन तास त्याला जागचे उठता येत नाही.