कथाप्रधान खेळ, हातवारे आणि पाटावर पालथा घातलेला रिमोट

खाडीकाठ (धागाकर्ता)
‘मिऱ्याचा वारा’ यांनी काल लिहिले की, कथाप्रधान व्हिडिओ गेम हातवारे करून खेळणे म्हणजे कादंबरी वाचता वाचता उठाबशा काढणे होय. गोष्ट हवी असेल तर बटणे दाबावीत आणि हात हलवण्याची हौस बोलिंग-टेनिसवर भागवावी. एरवी मी सोडून दिले असते, परंतु त्याखाली बऱ्याच जणांनी माना डोलावलेल्या पाहिल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निन्टेंडोच्या ‘वी’ या यंत्रावरचा २०११ सालचा ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ घ्या. त्यात हातातला रिमोट फिरवला की, पडद्यावर नायकाची, म्हणजे लिंकची, तलवार फिरते. पहिल्या मंदिराच्या शेवटी घिराहिम हा खलनायक भेटतो. आपली तलवार ज्या बाजूला असेल त्या बाजूला त्याचा हात सरकतो आणि सरळ वार केला तर तो पाते बोटांच्या चिमटीत पकडतो. मग एका बाजूला हात धरून त्याला तिकडे गुंतवायचे आणि झटकन दुसऱ्या बाजूने वार काढायचा. हा माणूस उर्मट आहे आणि आपल्याला खेळवतो आहे, हे त्याच्या संवादांच्या आधी माझ्या मनगटाला कळले. आमच्या अरुंद माजघरात हा वार काढताना माझा हात दोनदा खुंटीवर आपटला, तरीही मी हेच म्हणेन की, इथे हातवारा हीच गोष्ट आहे.

मिऱ्याचा वारा
आपण एक घिराहिम सांगितलात, उरलेले तास मी सांगतो. रिमोटमधला जायरोस्कोप, म्हणजे हात कसा वळला हे मोजणारा भाग, हळूहळू भरकटतो, तलवार भलतीकडे जाऊ लागते, आणि गोष्ट ऐन रंगात आलेली असताना खेळ सांगतो की, रिमोट सपाट जागी पालथा ठेवा. आमच्या घरी त्यासाठी जेवणाचा पाट मांडून ठेवलेला असे. जी कथा मला दर तासाला पाटापाशी वाकायला लावते, तिच्यात मी रमावे कसे?

दुसरे असे की, दशावतारात राजा तलवार फिरवतो तेव्हा समोरची मंडळी बसूनच पाहतात. त्यांनीही उठून हात फिरवावेत असे कोणी म्हणत नाही, आणि तरीही रात्र सरते तरी कोणी हलत नाही.

पडवीतला
वाराभाऊ, खेळणारा हा प्रेक्षक नसतो, तो राजा असतो. शिवाय दशावतारी नटाला संवाद लिहून दिलेले नसतात. कथानक ठाऊक असते आणि बोलणे तो उभ्या उभ्या रचतो. आपलेच उदाहरण आपल्यावर उलटले आहे.

माझा अनुभव ‘हेवी रेन’चा आहे. थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने सुट्टीवर येताना प्लेस्टेशन ३ आणि हातवाऱ्यांनी चालणारा त्याचा कंट्रोलर, मूव्ह, आणला. त्या मूव्हच्या टोकाला दिवा लागणारा गोळा असतो. त्याचा खरा आकार यंत्राला ठाऊक असल्यामुळे कॅमेऱ्यात तो केवढा दिसतो यावरून हात किती लांब आहे हे काढले जाते. मुलाला शोधणाऱ्या बापाला स्वतःचे बोट तोडायचे असते तो प्रसंग आला, तेव्हा बाहेर जुलैचा पाऊस आणि पडद्यावरही पाऊस. मी हात वर उचलला आणि तो खाली येईना. खेळाने थांबवले नव्हते, मीच थांबलो होतो. आई म्हणाली, “असा भुतासारखा उभा काय राहिला आहेस?” बटण असते तर अंगठ्याने केव्हाच दाबून टाकले असते.

सुरंगी
रसभंगाची सूचना न देता प्रसंग उघड केल्याबद्दल आभार.

पडवीतला
ताई, तो खेळ २०१० सालचा आहे.

सुरंगी
माझ्याकडे तो मागच्या महिन्यात आला. असो. आपण सारे ‘शरीराला कळले’ म्हणता आहात, ते शरीर कोणाचे? माझा उजवा खांदा तीन वर्षांपूर्वी आखडला. हात डोक्याच्या वर जात नाही, दोरीवर कपडे वाळत घालायचे तर स्टूल घ्यावे लागते, आणि ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये तलवारीत शक्ती भरायची ती आकाशाकडे उंच धरून. वीवर त्याला पर्याय नव्हता. २०२१ साली स्विच या पुढच्या यंत्रावर नवी आवृत्ती आली, तिच्यात कंट्रोलरवरची उजवी काडी ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला वार होतो. मी पूर्ण खेळ तसाच खेळले आणि शेवटी रडलेही. माझे रडणे कमी प्रतीचे होते काय?

खाडीकाठ
पर्याय असावा, याबद्दल वाद नाही. परंतु त्या काडीलाही दिशा ठेवावीच लागली, हे आपणच सांगितलेत.

मिऱ्याचा वारा
म्हणजे दिशा महत्त्वाची, हात नव्हे. मी दुसरे काय म्हणत होतो? आणि ‘हेवी रेन’मध्ये संत्र्याचा रस प्यायचा तरी डबा हलवायचा, त्यात कोणते काव्य आहे?

पडवीतला
तो डबा मूव्हशिवायच्या मूळ खेळातही साधा कंट्रोलर हलवूनच हलवायचा असतो. खेळ न खेळता मत देण्याची ही चाकरमानी पद्धत आम्हाला गणपतीच्या दहा दिवसांत पुरेशी पाहायला मिळते.

मिऱ्याचा वारा
मी मुंबईत राहतो याचा जायरोस्कोपशी काय संबंध, हे कृपया समजावून सांगावे.

डावरा देवगडकर
आपले भांडण चालू द्या, पण हात हात म्हणता तो कोणता हात? लिंक हा मुळात डावरा होता. त्याच मालिकेतल्या २००६ सालच्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये, गेमक्यूब या वीआधीच्या यंत्रावर, तो डावराच आहे. वीवर बहुतेक लोक रिमोट उजव्या हातात धरणार, म्हणून त्याला उजवा केले, आणि एवढ्यासाठी सगळे जगच आरशात पाहावे तसे फिरवले. जे गाव पूर्वेला ते पश्चिमेला गेले. माझ्या आजीने मला पानावर बसवून डाव्या हातावर पळीचे फटके दिले होते, तेव्हा मला पडद्यावरचा एकच आपला माणूस ठाऊक होता. तोही गेला.

सुरंगी
माझ्या भाच्याला अजूनही डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून बोलणी बसतात.

खाडीकाठ
प्रसादाचा प्रश्न वेगळा आहे. खेळात आपण रिमोट डाव्या हातात धरू शकत होता.

डावरा देवगडकर
धरला होता. मी डाव्या हाताने फिरवतो आणि समोरचा उजव्याने फिरवतो. शरीराला गोष्ट कळते म्हणता ना? माझ्या शरीराला हे कळले की, ही गोष्ट दुसऱ्या कोणाची तरी आहे. काठावरून लांबून पाहणाऱ्याने प्रसाद वेगळा आणि तलवार वेगळी असे सांगू नये.

खाडीकाठ
हे मला सुचले नव्हते. मान्य.

मिऱ्याचा वारा
धागाकर्ते ‘मान्य’ म्हणाले, ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

पडवीतला
‘ट्वायलाइट प्रिन्सेस’वरून आठवले. चतुर्थीत टीव्हीजवळ समया लावल्या की, आमच्या वीवरचा धनुष्याचा नेम पिसाटल्यासारखा पळे. रिमोटला नेम कळावा म्हणून टीव्हीखाली ठेवतात ती पट्टी फक्त अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश देते, पाहणारा कॅमेरा रिमोटमध्ये असतो, आणि त्याला ज्योत काय अन् पट्टी काय, सारखीच. पुढे उंदराने पट्टीची तार कुरतडली, तेव्हा आम्ही टीव्हीपुढे दोन पणत्या लावून अर्धा खेळ पूर्ण केला.

मिऱ्याचा वारा
हे मात्र बटणांनी झाले नसते. पणत्यांत अंतर किती ठेवले होते?

पडवीतला
एक वीत. आणि पंखा बंद.