मदत हवी आहे : आईच्या पिट्युटरीजवळ (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) गाठ, नाकातून ऑपरेशन

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला राहतो. आई ५८ वर्षांची. वर्षभर दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, बाजूने आलेली रिक्षा दिसायची नाही. आम्ही चष्म्याचा नंबर दोनदा बदलला (आमचंच चुकलं). शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी फील्ड टेस्ट (नजर चहूबाजूंना कुठवर पोचते ती तपासणी) केली, तर दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची नजर गेलेली. कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये २४ मिमीची गाठ, दृष्टीच्या नसा एकमेकींना छेदतात तिथे खालून दाबणारी.

प्रोलॅक्टिन (पिट्युटरीतून येणारं एक हार्मोन) थोडंच वाढलंय. खूप वाढलं असतं तर कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी गाठ आकसली असती, इथे ऑपरेशनच हवं, असं न्यूरोसर्जन म्हणतात. दुर्बिणीने, नाकातून.

परळच्या केईएममध्ये किंवा मुंबईत इतरत्र कुणाच्या घरी हे झालंय का? नंबर लागायला किती दिवस गेले? नंतर नाकातून पाणी गळणं, सारखी तहान-लघवी असा त्रास झाला का? कॉर्टिसोल या हार्मोनच्या गोळ्या कायमच्या लागल्या का? नजर किती परत आली, तेही सांगा. आई रोज तेच विचारते.