सिंगापूरमधली कामं बाहेर जातात ती व्हिसामुळे की पगारामुळे?

लंगर: माझ्या मते सध्या खरा धक्का 'कंपास'चा, म्हणजे परदेशी माणसाच्या व्हिसासाठीच्या गुणपद्धतीचा आहे. सप्टेंबर २०२३ पासून एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे वरच्या पदांवरच्या परदेशी नोकरदारांच्या व्हिसाच्या, नव्या अर्जाला ४० गुण लागतात. समजा, साध्या विद्यापीठाचा पदवीधर भारतीय प्रोग्रॅमर आहे. पगाराचे १०, पदवीचे १०. कंपनीतल्या वरच्या पदांवर भारतीय आधीच २५ टक्के, म्हणून वैविध्याचा भोपळा. स्थानिकांचं प्रमाण त्या क्षेत्राच्या मानाने तळाला, तिथेही भोपळा. अडकला २० वर! अशी पदं २५ पेक्षा कमी असलेल्या छोट्या कंपनीला मात्र या शेवटच्या दोन निकषांचे १०-१० आपसूक मिळतात, तिथे हाच माणूस ४० गाठतो. मरण मधल्या कंपन्यांचं. मग ती जागा पुण्यात नाहीतर क्वालालंपूरला भरली जाते.

तिरपागडा: साफ असहमत. कंपास नव्हता तेव्हाही हेच चालू होतं. १९७९ मध्ये सरकारनेच मुद्दाम पगार चढवले, कमी मजुरीवर तगणारे धंदे राहू नयेत म्हणून. मग नव्वदच्या दशकात शेजारच्या इंडोनेशियातल्या बाताम बेटावरच्या औद्योगिक वसाहती भरल्या. सीगेटने सिंगापूरच्या आंग मो किओ भागातला हार्ड डिस्कचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं २००९ मध्ये, सुमारे २,००० नोकऱ्या गेल्या. तेव्हा कुठे होता कंपास? सीमेपलीकडच्या मलेशियातल्या जोहोर राज्याबरोबरच्या, जानेवारी २०२५ च्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या करारामागेही तोच हिशेब आहे: शेड पलीकडे, मुख्यालय इकडे.

लंगर: शेडला जमीन लागते, प्रोग्रॅमरला नाही. कारखान्याचा इतिहास कोडिंगला कसा लावता?

खर्डेघाशी: तुम्ही दोघंही धरून चाललाय की काम दिलं की सुटलो. बँकांना विचारा. काम कोणाकडेही द्या, नियामक जाब बँकेलाच विचारतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये डीबीएस आणि सिटीबँक ठप्प झाल्या, सुमारे २५ लाख व्यवहार अडकले. डेटा सेंटर इक्विनिक्सचं. शीतकरण यंत्रणेच्या कामात कंत्राटदाराने चुकीचा संकेत दिला, थंड पाण्याच्या राखीव टाक्यांच्या झडपा बंद झाल्या. तरी पर्यायी केंद्राने सांभाळायला हवं होतं. डीबीएसच्या नेटवर्कची मांडणी चुकलेली, सिटीची जोडणी अडली. पुढे डीबीएसला ६ महिने संगणक यंत्रणेत अत्यावश्यक नसलेले बदल करायला बंदी.

तिरपागडा: अहो, पण ते केंद्र सिंगापुरातच होतं. यात परदेशाचा काय दोष?

खर्डेघाशी: परदेशाला दोष दिलाय कुठे? शहरातल्या शहरात हे होतं, तर सीमेपलीकडे कागद आणखी घट्ट हवेत. तपासणीचा हक्क फक्त मुख्य ठेकेदाराच्या करारात लिहितात आणि उपकंत्राटदार मोकळा सुटतो, नेमका ग्राहकांचा डेटा हाताळणारा. काम परत घ्यायची योजना कागदावर असते, पण पासवर्ड, लॉग आणि कोडचा ताबा कोणाकडे ते ठरलेलं नसतं. प्रोग्रॅमरमागे वाचलेला पगार मोजताना लेखापरीक्षण आणि दुहेरी देखरेखीचा खर्च त्याच तक्त्यात धरा, मग बोला.

लंगर: धरला तरी मोठ्या बँकेला परवडतो. माझा मुद्दा मधल्या कंपनीचा आहे, तिच्याकडे पास नाही आणि लेखापरीक्षकही नाही.