मदत हवी आहे : आईच्या युरीन इन्फेक्शनसाठी रोजचं इंजेक्शन

आईला ६ महिन्यांत तिसऱ्यांदा युरीन इन्फेक्शन झालंय, यावेळी कल्चरमध्ये (लघवीतल्या जंतूंची तपासणी) ईएसबीएलवाला ई. कोलाय (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू) निघाला आणि गोळ्यांच्या नावापुढे जवळपास सगळीकडे आर म्हणजे रेझिस्टंट, त्यात थंडी वाजून तापही येतोय. अमिकासिन हे अँटिबायोटिक इंजेक्शन लागू पडेल असं रिपोर्टमध्ये आहे पण ते किडनी आणि कानाला त्रास देऊ शकतं आणि आईचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ततपासणी) आधीच १.६, म्हणजे वाढलेलं, म्हणून डॉक्टरांनी अर्टापेनेम हे दुसरं अँटिबायोटिक दिवसातून एकदा शिरेतून सुरू केलंय. ३ डोस झाले, ताप उतरला, पण सलाईनच्या सुईची जागा लाल होऊन सुजलीये, हात लावू देत नाही बिचारी. उरलेले डोस घरी नर्स बोलावून कोणी घेतलेत का? सुई किती दिवसांनी बदलली, आणि मधे क्रिएटिनिन परत तपासलं का?