टाळेबंदीत आईचे डोळ्यातील इंजेक्शन आणखी लांबवावे का?

प्रश्न (सदाशिव पेठ, मे २०२०):
माझ्या आईचे वय ७८ आहे. तिच्या उजव्या डोळ्यात वेट मॅक्युलर डीजनरेशन (दृष्टिपटलाचा मध्यभाग खराब होण्याच्या आजाराचे ओले स्वरूप) आहे आणि डाव्या डोळ्यात तोच आजार कोरड्या स्वरूपात आहे. उजव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावे लागते. मात्र २५ मार्चला करोनामुळे टाळेबंदी लागू झाल्यानंतर एप्रिलचे इंजेक्शन राहून गेले, आणि तिला मधुमेहही असल्यामुळे आता दवाखान्यात नेण्याचे धाडस होत नाही. नजर पूर्वीसारखीच आहे असे ती म्हणते. आणखी महिनाभर थांबता येईल का? दुसरे, लिहिताना संकोच वाटतो, पण संध्याकाळी तिला भिंतीवर वेलबुट्टी आणि कधी अनोळखी मुले दिसतात. ती खरी नाहीत हे तिला कळते. घरातले बाकीचे मात्र घाबरले आहेत.

उत्तर १ (ऑप्टोमेट्रिस्ट, कर्वेनगर):
ताई, कृपया थांबू नका. या आजारात दृष्टिपटलाच्या मध्यभागाखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढतात व त्यांतून द्रव आणि रक्त झिरपते. इंजेक्शन ही वाढ रोखते, परंतु त्याचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, आणि एकदा तिथे व्रण तयार झाला की गेलेली नजर सहसा परत येत नाही. नजर तशीच आहे या आईंच्या सांगण्यावर विसंबू नका, कारण दोन्ही डोळ्यांनी पाहताना एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून टाकतो. त्यांना वाचण्याचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, ॲम्स्लर तक्त्याच्या (मध्यभागी ठिपका असलेल्या चौकड्यांच्या तक्त्याच्या) मधल्या ठिपक्याकडे सुमारे ३० सेंटिमीटरवरून पाहायला सांगा. तक्ता नसेल तर मुलांच्या चौकड्यांच्या वहीच्या पानावर मध्यभागी ठळक ठिपका काढा. रेषा वाकड्या दिसल्या किंवा चौकडी पुसट झाली, विशेषतः आजवर बऱ्या असलेल्या डाव्या डोळ्यात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फोनवरून सल्ला मिळतो, पण दृष्टिपटलातील द्रव फोनवर दिसत नाही. त्यासाठी ओसीटी (दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र घेणारी) तपासणीच लागते.

जाण्यापूर्वी रुग्णालयाला फोन करून गर्दी नसलेली वेळ मागा, आणि ओसीटी व इंजेक्शन एकाच फेरीत होईल का तेही विचारा. सोबत एकानेच जावे, आणि दवाखान्याची फाइल व पोलिसांचा पास जवळ ठेवावा. मास्कची वरची कड चिकटपट्टीने त्वचेला चिकटवायला सांगा, म्हणजे उच्छ्वास डोळ्याकडे येत नाही व जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. इंजेक्शननंतरच्या दिवसांत वेदना किंवा लाली वाढली, किंवा नजर अंधुक झाली, तर रात्र असली तरी दाखवा.

उत्तर २ (स्वतः रुग्ण, कोथरूड):
आईंना जे दिसते त्याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात, असे मला माझ्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. डोळ्यांकडून माहिती कमी येऊ लागली की मेंदू स्वतःच चित्रे उभी करतो; तो वेडेपणा नव्हे. दिवा लावणे, नजर इकडेतिकडे फिरवणे, जागेवरून उठणे यांनी मला ती चित्रे पुष्कळदा घालवता येतात. तरीही डॉक्टरांना हे अवश्य सांगा, कारण औषधांमुळे, संसर्गामुळे किंवा साखर खाली गेल्यामुळेही भास होऊ शकतात.

टाळेबंदीत मला सर्वांत जड गेले ते एकटेपण. वर्तमानपत्र वाचता येत नाही, आणि मास्कमुळे समोरचा माणूसही ओळखू येत नाही. आईंना रोज ठरलेल्या वेळी कुणीतरी बातम्या वाचून दाखवाव्यात, आणि काय दिसले हे मोकळेपणाने विचारावे. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ ॲप उपयोगी पडते.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. रुग्णालयाने परवा सकाळची पहिली वेळ दिली आहे. डावा डोळा आज वहीच्या पानावर तपासला, रेषा सरळ दिसल्या. भासांविषयी आईशी बोलले. आपल्याला वेड लागते आहे अशी धास्ती ती इतके दिवस एकटीच बाळगून होती.